पंचवीस दोषांवर दहा गुण

चिखलदऱ्याला पंचबोल पॉइंट नावाची जागा आहे. दरीच्या तोंडाशी उभं राहून हाक मारली की ती पाच वेळा परत येते, म्हणून पंचबोल. पर्यटक तिथं आपापल्या लाडक्या माणसाचं नाव ओरडतात, पाच वेळा परत आलेलं ऐकतात आणि भुट्टा खायला वळतात. मी तिथं पहाटे जाऊन ‘सा’ लावायचो. मागं पाच शिष्य बसवायला मोठमोठ्या गवयांना निम्मं आयुष्य घालवावं लागतं. मला ते एकोणिसाव्या वर्षी फुकट मिळाले होते. अडचण एवढीच, की माझा सा जरा उतरलेला लागला तर तोही पाच वेळा परत यायचा. गुरू चूक एकदा दाखवतो. पंचबोल पाच वेळा दाखवायचा, आणि तीही माझ्याच आवाजात.

हा उद्योग सुचला, कारण मी बी.ए.ला संगीत घेतलं होतं. ‘घेतलं होतं’ हेच बरोबर. गुरूकडे गाणं मिळवावं लागतं; विद्यापीठात ते घेतात, अर्जाच्या तिसऱ्या रकान्यात, मराठी साहित्य आणि राज्यशास्त्र यांच्या खाली. प्रवेशाच्या खिडकीतल्या बाबूनं भूगोलही सुचवला होता, पण भूगोल आणि संगीत यांचा तास एकाच वेळी येत होता. चिखलदऱ्यात जन्मलेल्याला भूगोल वेगळा शिकावा लागत नाही, तो पोटऱ्यांना कळतो. म्हणून मी संगीत ठेवलं.

बाबांचं देवी पॉइंटच्या वाटेवर चहा-भुट्ट्याचं दुकान होतं. संध्याकाळी निखाऱ्यावर भुट्टा फिरवत त्यांनी विचारलं, “काय काय घेतलं?”

“मराठी, राज्यशास्त्र अन् संगीत.”

“संगीत म्हंजे?”

“गाणं.”

बाबांनी भुट्टा फिरवायचा थांबवला. त्यामुळं तो एका बाजूनं जळला, आणि पुढची पाच वर्षं त्याचा हिशेब माझ्या नावावर राहिला. “गानं शिकायले कॉलेज कायले पायजे? गावात भजन नाई होत का?”

हा प्रश्न अडाणीपणाचा वाटतो, पण वऱ्हाडात तो अगदी रास्त आहे. आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या यावलीला १९०९ साली जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी एका खंजिरीवर अख्खा विदर्भ गायला बसवला. मोझरीच्या गुरुकुंजात कोणी कोणाला प्रवेश अर्ज भरायला लावला नाही. गावोगाव भजनी मंडळ, मंडळात एक पेटी, एक खंजिरी, टाळांच्या चार-सहा जोड्या आणि एक असा म्हातारा, ज्याला सगळं येतं. त्याला काय येतं असं विचारायची मात्र पद्धत नाही. आणि ज्या विद्यापीठाच्या शिक्क्यानं माझं गाणं प्रमाणित होणार होतं, त्याची स्थापना १ मे १९८३ ची, नाव पुढं मिळालेलं संत गाडगेबाबांचं. गाडगेबाबा म्हणजे दिवसा हातात खराटा आणि रात्री मुखी कीर्तन. शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस, पण हजारांचा समुदाय हलू द्यायचा नाही. त्यांच्याच नावाखाली छापलेल्या गुणपत्रिकेत पुढं मला ‘प्रात्यक्षिक’ या रकान्यात जे गुण पडले ते पाहून मला पहिल्यांदा वाटलं, की कीर्तनात विचारत तसे प्रश्न गाडगेबाबांनी या पत्रिकेला विचारले असते तर फार बरं झालं असतं.

पण संगीताचं रीतसर शिक्षण आणि चिखलदरा यांचा संबंध माझ्यापासून सुरू होत नाही. तो फार जुना आहे आणि दर वेळी कोणाच्या तरी जिवावर बेतलेला आहे.

पहिला संबंध कीचकाचा. भीमानं कीचकाला मारून ज्या दरीत फेकलं ती कीचकदरा, तिचा चिखलदरा झाला, आणि हात धुतले ते भीमकुंड, हे इथल्या गाइडपासून गवळ्याच्या शेंबड्या पोरापर्यंत सगळे सांगतात. पण कीचक मेला कुठं, हे कोणी सांगत नाही. तो मेला विराटाच्या नृत्यशाळेत, म्हणजे संगीत विभागात. अर्जुन बृहन्नडा होऊन राजकन्या उत्तरेला गाणं, वादन, नाच शिकवत होता ती ही इमारत. महाभारतातली ही नेमणूक मी नोकरी शोधायला लागल्यावर पुन्हा एकदा नीट वाचली. उमेदवाराकडे प्रमाणपत्र नाही. अनुभव आहे, इंद्रलोकात पाच वर्षं राहून चित्रसेन गंधर्वाकडे गाण्या-नाचण्याची तालीम झालेली, पण तो सांगायची सोय नाही, कारण अज्ञातवास. राजा प्रात्यक्षिक घेतो, बाकीचीही खातरजमा करून घेतो आणि मगच त्याला अंतःपुरात पाठवतो. नेमणूक किती दिवसांची? एका वर्षाची. तासिका तत्त्वावरचा महाराष्ट्रातला प्रत्येक अध्यापक यापुढं बृहन्नडेला आपला मूळपुरुष मानेल तर माझी हरकत नाही.

आणि इमारतीचा वापर पाहा. दिवसा मुली नाचतात, संध्याकाळी घरी जातात, रात्री दालन रिकामं. द्रौपदीनं कीचकाला तिथंच बोलावलं, आत तिच्याऐवजी भीम निजलेला. संगीत विभागाची खोली संध्याकाळनंतर इतर कार्यक्रमांसाठी देऊ नये, असा नियम कुठल्या विद्यापीठात असेल तर त्याचं मूळ इथं शोधावं. खाडिलकरांनी १९०७ मध्ये ‘कीचकवध’ रंगभूमीवर आणलं, सरकारला त्या कीचकात कर्झन दिसला आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. तिथंही बिचाऱ्या संगीत शिक्षकाकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. त्याच्या वर्गात सकाळी काय सांडलेलं होतं आणि ते कोणी पुसलं, याची नोंद व्यासांनीही ठेवलेली नाही.

दुसरा संबंध विलायती आहे. चिखलदऱ्याला लागूनच गाविलगड. १५ डिसेंबर १८०३ रोजी तो इंग्रजांनी घेतला आणि दोनच दिवसांनी देवगावच्या तहात रघूजी भोसल्यांच्या हातून वऱ्हाड गेलं. किल्ला घेणारा सेनापती आर्थर वेलस्ली, पुढं वॉटर्लूवर नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. त्याचे वडील कोण? अर्ल ऑफ मॉर्निंग्टन, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात १७६४ साली नेमलेले संगीताचे पहिले प्राध्यापक. म्हणजे गाविलगड पाडला तो विद्यापीठातल्या संगीताच्या प्राध्यापकाच्या पोरानं. हा आर्थर स्वतः व्हायोलिन बरं वाजवायचा. १७९३ मध्ये त्यानं आपली व्हायोलिनं जाळून टाकली, शिपाईगिरीत मन घातलं आणि दहा वर्षांनी आमच्या उशाशी येऊन तोफा लावल्या. हा इतिहास मी मोठ्या हौसेनं बाबांना सांगितला. संगीताची थोरवी पटेल अशी आशा होती. बाबा सगळं ऐकून म्हणाले, “पाह्य. वाजवनं सोडलं तवाच किल्ला भेटला त्याले.”

त्यानंतर मी घरी इतिहास सांगणं सोडलं.

आम्ही डोंगरावरची माणसं सगळ्या जगाला ‘खाली’ म्हणतो. परतवाडा खाली, अमरावती खाली, मुंबईही खालीच. कॉलेज खाली होतं. पहिल्या दिवशी वेळापत्रक पाहिलं: सोमवार ११.५० ते १२.४०, यमन. मंगळवार त्याच वेळी मालकंस. यमन रात्रीच्या पहिल्या प्रहरीचा, मालकंस मध्यरात्रीकडे झुकणारा, हे पुस्तकात होतं. पुस्तक शिकवणारे सर ११.५० ला तेच वाचून दाखवायचे, त्याखाली रेघ मारायला लावायचे आणि मग उन्हात मालकंस सुरू करायचे. खिडकीबाहेर पंचेचाळीस अंश तापमान, आत कोमल गंधार. मध्यरात्रीचा तास घ्यायला कॉलेज तयार नव्हतं, आणि त्याचं कारण कीचक नव्हतं, रखवालदार होता.

नव्या पद्धतीत आता श्रेयांक आले आहेत. प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे तीस तास. अमुक श्रेयांकांचा यमन झाला की पुढं सरकायचं. जुने गवई म्हणत की यमनला जन्म पुरत नाही. हल्ली सत्र पुरतं. यात सरांचा दोष नाही. चाळीस-पन्नास मिनिटांच्या तासात दहा मिनिटं तंबोरा मिळवण्यात, पाच हजेरीत आणि दहा ‘मागच्या वेळी कुठं होतो’ यात गेल्यावर जे उरतं त्यात तानसेनानंही आरोह-अवरोहच केले असते.

मल्हाराची गंमत आणखी निराळी. खाली कपाशी करपत असते, त्यामुळं मियाँ मल्हार शिकवताना वर्गात एक प्रकारची गरज जाणवायची. मी तो वर आणून म्हटला तेव्हा जुलै होता, पाऊस तीन आठवडे उघडला नव्हता, धुक्यानं दार ओळखू येत नव्हतं आणि बाबांच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. शेजारचे गवळी काका कांबळं पांघरून दारात आले. “बाबू, हे पानी पाडायचं गानं हाय ना? आता बंद करायचं असन ते म्हन.” तसा राग आमच्या अभ्यासक्रमात नव्हता. चिखलदऱ्याच्या माणसाला शास्त्रात कोणी विचारातच घेतलेलं नाही.

याच काकांनी पुढं माझ्या पहाटेच्या खर्जाला आक्षेप घेतला. गाण्यानं गाई जास्त दूध देतात असं मी कुठंतरी वाचलं होतं. काकांच्या म्हशींनी ते वाचलेलं नव्हतं. “तू आऽ कराले लागला की म्हशी पान्हा चोरतेत,” ते म्हणाले. चिखलदऱ्याच्या खव्या-रबडीला वैदर्भीय संगीतामुळं तूट येणं बरं नव्हे, म्हणून मी पंचबोलला गेलो. तिथं चौथ्या दिवशी एका वनरक्षकानं मला कॉलर धरून उभं केलं. पहाटे या अंगाला वाघ गुरगुरतो अशी खबर त्याला लागली होती. मी मंद्र सप्तकातला षड्ज लावून दाखवला. तो बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “मेळघाटात असे आवाज काढू नका भाऊ. खरा वाघ येते पाह्याले, कोन नवीन आलं म्हनून.”

वाद्यांचं दुखणं वेगळं. धुक्यात तबल्याची पुडी ओलावा धरते आणि ढिली पडते. आमचा तबलेवाला पावसाळ्यात तबला शेगडीशेजारी ठेवायचा. त्याची बायको भाकरी एका बाजूला आणि तबला दुसऱ्या बाजूला शेकायची. तसा शेकून, गट्टे ठोकून काळी एकला मिळवलेला तबला घेऊन आम्ही परीक्षेला घाट उतरायचो. खाली कोरडी हवा. पुडी ताणायची आणि सूर वर जायचा. आम्ही घाट उतरलो, की तबला घाट चढायचा. मग तो हातोडी काढून उलटं ठोकायचा. चार वर्षांत त्यानं जितकं ठोकलं त्यात एक बरा पलंग झाला असता.

तंबोरा मिरजेचा होता, सेकंडहँड. तो काळीपिवळीतून न्यायचा. काळीपिवळीत माणसं मोजायची नसतात, त्यामुळं तंबोऱ्याला हरकत नव्हती. प्रश्न फक्त त्याला कोणाच्या मांडीवर बसवायचं हा असायचा. एकदा एका म्हाताऱ्या बाईनं तो ओटीत घेतला, भोपळ्यावर टिचकी मारली आणि म्हणाली, “चांगला वायला हाय. बिया काढल्या का?” पुढच्या वळणावर टपावरचं संत्र्याचं पोतं पाठीमागं सरकलं आणि नेमकं दांडीवर आलं. भोपळ्याला जी चीर गेली ती फेविकॉलनं बुजवली. त्यानंतर त्या तंबोऱ्याचा खर्ज किंचित नाकात बोलायचा, आणि त्याच्या साथीनं गाणारा मीसुद्धा.

नाकात गाणं याला ‘सानुनासिक’ म्हणतात, आणि तो दोष आहे, हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. शार्ङ्गदेवानं तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, तोही देवगिरीला, यादवांच्या दरबारी, म्हणजे आपल्याच मुलुखात. त्यात गायकाचे पंचवीस दोष दिले आहेत. दात दाबून गाणारा संदष्ट. घाबरत गाणारा भीत. कावळ्यासारखा काकी. उंटासारखी मान वर करणारा करभ. जबडा भयंकर उघडणारा कराली. शिरा फुगवणारा झोंबक, भोपळ्यासारखा फुगणारा तुंबकी, मान वाकडी करणारा वक्री, डोळे मिटून घेणारा निमीलक. असे पंचवीस. शार्ङ्गदेवाच्या निरीक्षणाला माझा नमस्कार आहे. सुमारे आठशे वर्षांपूर्वी त्यानं आमच्या वर्गाची हजेरी घेऊन ठेवली. आम्ही चौघं विद्यार्थी होतो आणि आपापसात वाटून घेतले तरी प्रत्येकाच्या वाट्याला सहा येत होते. एक उरायचा तो आम्ही तंबोऱ्याला दिला.

परीक्षेत हा प्रश्न हमखास: ‘गायकाचे दोष लिहा. गुण १०.’ मराठीत ‘गुण’ या शब्दानं किती सोय करून ठेवली आहे! मी पंचवीसपैकी चोवीस दोष व्याख्येसकट लिहिले आणि दहापैकी नऊ मिळवले. त्याच आठवड्यात प्रात्यक्षिकाला त्यातले अकरा करून दाखवले, त्याला कोणी विचारलं नाही. दोष लिहिणाऱ्याला गुण आणि दाखवणाऱ्याला काही नाही, हा अन्याय मला आजही सलतो.

हा शार्ङ्गदेव सिंघण यादवाच्या दरबारी हिशेबखात्याचा मुख्य अधिकारी होता, हे कळलं तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कारण तोवर मी संगीताच्या नावाखाली गणितच करत होतो. धमार चौदा मात्रांचा. त्याची तिगुन, म्हणजे तिप्पट लय, कुठून धरायची? चौदाला तीननं भागा, चार पूर्णांक दोन तृतीयांश. ते चौदातून वजा करा. म्हणजे नऊ पूर्णांक एक तृतीयांश मात्रा सोडून सुरुवात. दहावीला गणितात काठावर सुटलेला मी, गाण्यानं मला अपूर्णांक शिकवले. आमच्या वऱ्हाडचे वसंतराव देशपांडे, जन्म मूर्तिजापूर, १९२०, त्यांनीही कितीतरी वर्षं पुण्यात लष्कराच्या हिशेबखात्यात कारकुनी केली आणि तिथून सुटून गाणं गायलं. गाणं आणि खातेवही यांचं काहीतरी जुनं साटंलोटं असावं. बाबांना मी हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा खूश झाले. “मंग गल्ल्यावर बस,” म्हणाले.

खरी भीती तोंडी परीक्षेची. भातखंड्यांनी मराठीत ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ लिहिली ती गुरू-शिष्याच्या संवादाच्या रूपात. त्यातला शिष्य इतका गुणी, की गुरूला ज्याचं उत्तर येतं तोच प्रश्न विचारतो. परीक्षक नेमका उलट असतो. भातखंडे मुळात वकील होते, हे समजल्यापासून बाबांना तर खात्रीच होती की वादी आणि संवादी ही कोर्टाची भानगड आहे. ते शब्द भरतमुनींच्या वेळचे, पण बाबांना कोण समजावणार. माझी तोंडी परीक्षा म्हणजे ‘तारीख’ असंच ते दुकानात सांगायचे.

बी.ए.च्या शेवटच्या तारखेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, “भूप आणि देशकार यांत फरक काय?” दोघांचे स्वर तेच पाच. भूपाचा वादी गंधार, देशकाराचा धैवत. भूप रात्री, देशकार सकाळी. एक खालच्या अंगानं चालतो, दुसरा वरच्या. हे मी घडाघडा म्हटलं. “आता गाऊन दाखवा.” मी भूप गायलो. मग तोच भूप जरा जोरात गायलो. परीक्षकांनी चष्मा काढला. मी घाबरून म्हटलं, “सर, पिठलं अन् झुणक्यासारखं आहे. बेसन तेच, पाणी कमी-जास्त.” ते म्हणाले, “तुम्ही दोन्ही वेळा पिठलंच वाढलंत. कुठले तुम्ही?” “चिखलदरा.” “अरे वा! रबडी!” त्यानंतर सात मिनिटं रबडीवर गेली. कढई लोखंडाची की पितळेची, साय किती वेळा लोटायची, हे सगळं त्यांनी बारकाईनं विचारलं, आणि मी वादी-संवादीसकट सांगितलं. राग संपला तो तिथंच. माझे बरे गुण कुठून आले असतील, याविषयी मी कधीही खोलात गेलो नाही.

एम.ए.ला मात्र ‘मंच प्रदर्शन’ असतं. व्यासपीठ, श्रोते, सगळं खरं. श्रोते म्हणून खालच्या वर्गातली पोरं हजेरीच्या धाकानं बसवतात आणि एक शिपाई कुलपासाठी थांबतो. मी हौसेनं गावाला सांगितलं. ठरलेल्या दिवशी दोन काळीपिवळ्या भरून चिखलदरा खाली उतरला: बाबा, माय शिदोरीसकट, गवळी काका, आणि भजनी मंडळाचे आबाजी, फेटा बांधून, पहिल्या रांगेत.

वेळ दुपारी दीडची. राग बागेश्री. विलंबित एकताल. विलंबित एकतालाचं एक आवर्तन इतकं सावकाश जातं की तेवढ्यात आमच्याकडे एक कप चहा होतो. मी आलाप मांडत होतो, समेवर येत होतो, पुन्हा निघत होतो. सहा-सात आवर्तनं झाली. सभागृहात शांतता. त्या शांततेत आबाजींनी बाबांना विचारलं, भजनात बसलेल्या माणसाच्या आवाजात, “सुरू कवा होनार हाय?”

“झालं ना आबाजी सुरू.”

“नाई बाप्पा, हे तं मिळवनं झालं. गानं कवा?”

माझे हातपाय गार पडले. मी डोळे घट्ट मिटून घेतले आणि आलाप करत पुढं सरकलो. पुन्हा आबाजी: “डोये मिटून कायले गाऊन राह्यलं पोट्टं? भेते का पब्लिकले?” मग थोड्या वेळानं, काळजीनं: “मान पाह्य कशी करते. उंटावानी.” आणि मी तार षड्जाला पोचलो तेव्हा मायला: “वैनी, पानी द्या त्याले. शिरा फुगल्या.”

डोळे मिटूनही मला दिसत होतं, की डाव्या बाजूच्या परीक्षकबाई ओठ चावून कागदावर काहीतरी लिहिताहेत. निमीलक, भीत, करभ, झोंबक. ‘संगीतरत्नाकर’ आबाजींनी ऐकलेलासुद्धा नव्हता. दहा गुणांच्या प्रश्नाचं उत्तर ते पहिल्या रांगेत बसून वऱ्हाडीत सोडवत होते.

द्रुत सुरू झाली तसा आबाजींचा जीव भांड्यात पडला. ते मांडीवर टाळी द्यायला लागले. मी तान घेऊन समेवर यायचो तेव्हा त्यांची टाळी तिथं आधीच येऊन बसलेली असायची. तबलेवाल्यानं माझ्याकडे पाहणं सोडून त्यांच्याकडे पाहायला सुरुवात केली. मलाही शेवटची तिहाई त्यांच्याच आधारानं जुळवावी लागली. कार्यक्रम संपल्यावर परीक्षकबाई खाली आल्या. “आजोबा, आपण कोणाकडे शिकलात?” आबाजी उठून उभे राहिले, फेटा नीट केला. “नाई बाई. आमच्याकडे कॉलेज नाई ना. आम्हाले असंच येते.”

मी पास झालो. पदवी चौकटीत बसवून दुकानात लावली. वाफेनं काच धुरकटली की बाबा तीवरून फडकं फिरवतात. खाली एका ठिकाणी तासिका तत्त्वावर शिकवतो. बृहन्नडेच्या मानानं माझं बरं आहे, कारण माझ्या वर्गात आजवर कोणी मेलं नाही. पोरांना मी पंचवीस दोष पाठ करायला लावतो. सोमवारी दुपारी बारा वाजता यमन घेतो.

गेल्या ऑक्टोबरात तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीच्या भजनाला वर आलो. मंडळात जागा करून दिली. मी पेटीकडे हात केला, तर आबाजी म्हणाले, “मास्तर, तू एम.ए. ना? मंग टाळ धर.” मी टाळ धरले. भजन रंगात आलं, लय वाढली, आणि मी उगाच मनात हिशेब करायला लागलो, की ही आठ मात्रांची तिगुन धरायची झाली तर कुठून उचलावी. दोन पूर्णांक दोन तृतीयांश, वजा केले, पाच पूर्णांक… आणि माझा टाळ एकटाच कुठंतरी वाजला.

आबाजींनी खंजिरी थांबवली. “मास्तर, ध्यान कुठी हाय तुह्यं?”

मला हसूच आलं.

“हासतं काऊन?”

“आबाजी, तुम्ही आता म्हनलं ना, ते आमच्या पुस्तकात आहे. गायकाचे पंचवीस दोष. त्यातला एक, अनवधान. परीक्षेत विचारते.”

“मार्क किती असते त्याले?”

“दहा. पंचवीसचे मिळून.”

“अन् तुले किती भेटले?”

“नऊ.”

आबाजींनी टाळ माझ्या हातातून काढून शेजारच्या नातवाच्या हातात दिले. “एक कायले कापला?”

“एक दोष लिहायचा राह्यला होता.”

“कोनता?”

“हाच.”